एकूण एक

६ जुलै, सोमवार

"पाच काय?" चौथीतल्या बाईंचं वाक्य. उत्तर बरोबर आलेलं असलं तरी बाई वही परत द्यायच्या. पाच काय? आंबे, म्हशी, मडकी? पुढे लिहिलं नसेल तर अर्धा मार्क जायचा. मी रडायचे. आज सकाळपासून ते दोन शब्द डोक्यातून हलत नाहीत.

कारण सतीश. रोज चहा घेताना मोबाइलवरचे कोरोनाचे तालुकावार आकडे वाचून दाखवतो, नवरा नव्हे, क्रिकेटचा निवेदक. "आज कर्जत कमी. खालापूर पुढे गेलं." पुढे गेलं म्हणे! मग अप्पा, म्हणजे माझे सासरे, आतून ओरडतात, "पनवेल बघ, पनवेल किती?" पनवेल फार वर आहे हे कळलं की दोघांनाही बरं वाटतं. मला वाटत नाही असं नाही. भाकरी थापताना माझाही कान तिकडेच असतो.

माहेरच्या ग्रुपवर बंडूकाकांचं संध्याकाळचं ठरलेलं. "आपले गाव : ०". खाली गुलाबांचा गुच्छ, जोडलेले हात. बंडूकाका बाबांचे चुलतभाऊ. गावच्या समितीचे प्रमुख तेच, ग्रुपचे मालकही तेच. लोक टाळ्या टाकतात. कसल्या टाळ्या? गावात एकाचीही तपासणी झालेली नाही. तपासलंच नाही तर निघणार कुठून?

नंदूचा फोन आला होता. धाकटा भाऊ. साजगावला कंपनीत आहे, तिथेच खोली घेऊन राहतो. कंपनीने सगळ्यांची तपासणी केली. "नाकात अशी काडी घातली ना ताई, पार मागच्या जन्माचं आठवलं."

८ जुलै, बुधवार

नंदू पॉझिटिव्ह.

ताप नाही, खोकला नाही, वास येतो, चव लागते. कुठल्याशा वसतिगृहात नेऊन ठेवलंय. म्हणाला, "आपल्या गावचा पयला मीच गं. शाळंत कदी पयला आलो नाय." आणि हसला. मला हसू आलं नाही. फोन ठेवल्यावर न्हाणीघरात जाऊन उभी राहिले थोडा वेळ.

संध्याकाळी ग्रुपवर : "आपले गाव : १. पुरुष, वय ३८." गुच्छ नाही.

मग सुरू. कोण? कोण रं? खालच्या आळीतला का? कुकरच्या दोन शिट्ट्या व्हायच्या आत नाव निघालं. टाळ्या वाजवणारे तेच अंगठे.

नंदू गावात नाहीच! कंपनी पुन्हा सुरू झाली तेव्हापासून त्याने गावात पाऊल ठेवलेलं नाही. आईला काही होऊ नये म्हणून. त्याची बायको वैशाली तिकडे आईजवळ, हा इकडे एकटा. पण कोण विचारतंय.

९ जुलै, गुरुवार

फोनाफोनी. माहितीच्या नंबरवर एक मुलगी, आवाज दमलेला. "आधारवर जो पत्ता, त्या गावात धरतात, मॅडम." मी म्हटलं, माणूस साजगावला राहतो, तिथे तपासला, तिथेच ठेवलाय. "हो, पण आकडा तुमच्याकडे येणार." खालापूरला विचारलं तर गाव कर्जत तालुक्यातलं, म्हणून आकडा कर्जतचा. कर्जतला विचारलं तर तपासणी खालापूरची, त्यांना विचारा. त्या मुलीवर चिडण्यात अर्थ नव्हता. तरी चिडले. नंतर वाईट वाटलं.

थोडक्यात, आकडा गावात आणि माणूस गावाबाहेर.

आईचा फोन दुपारी. "माज्या दारात आडवा बांबू बांधला गं. मी कुटं गेले, न् माज्याकडं कोन आलं?" नळावर वैशालीला सांगितलं, सगळ्यांचं झाल्यावर तू भर. सगळ्यांचं होईपर्यंत पाणी जातं.

११ जुलै, शनिवार

भातलावणीचे दिवस. आज यांच्या शेतावर, उद्या त्यांच्या, असं सगळं गाव मिळून लावतं माझ्या माहेरी. गेल्या आठवड्यात आई आणि वैशाली चार घरी राबून आल्या. आज आमची पाळी. कुणी आलं नाही. दोघी सासवासुनाच चिखलात. वैशाली फोनवर म्हणाली, "ताई, आत्या वाकतात न् उठतच नायत. मी म्हनले, बांधावर बसा. तर म्हनतात, बसले का लोकांना वाटंल मलाबी झाला."

आई सत्तरीची आहे. कंबर दुखते हेसुद्धा तिला लपवावं लागतंय.

दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन, माझ्या कथेसाठी. काहीतरी सकारात्मक द्या म्हणाले. मी म्हटलं, भाऊ देऊ का?

१२ जुलै, रवि.

आज कळलं ते लिहून ठेवते, नाहीतर पुढे माझाच विश्वास बसणार नाही.

बंडूकाका आता रोज टाकतात, "आपले गाव : एकूण १". आठ तारखेला एक. नऊला एकूण एक. दहाला एकूण एक. काल, आज, तेच. आणि लोक काय वाचतात? रोज एक. रोज नवा एक! पलीकडच्या गावातली सुमामावशी मला फोन करून विचारते, "तुमच्या गावात रोज एक निगतोय म्हनं? आता पाच झाले ना गं?" मी म्हटलं, मावशी, तोच एक. तोच तो. "मग रोज कशाला लिवतात?"

बरोबर आहे तिचं. कशाला लिहितात?

त्या गावाने आमच्या दूधवाल्यांना रस्त्यात अडवलं. परत जा म्हणाले, तुमच्याकडं रोज निगतोय. दूध ओतून द्यावं लागलं म्हणे. आता दूधवाल्यांच्या घरचे आमच्या आईच्या दारासमोर उभे राहून बोलतात. तुमच्या नंदूपायी.

एक शब्द कळला नाही म्हणून.

१३ जुलै

ग्रुपवर लिहिलं. तीनदा खोडून मग लिहिलं, राग दिसू नये म्हणून. "एकूण म्हणजे आतापर्यंतचे सगळे मिळून. नवीन नाही. तो एक जण गावात नाही, त्याला त्रास नाही, लवकरच बरा होऊन सुटेल. गावात आज कुणीही आजारी नाही." साधं, पोरांना सांगावं तसं.

खाली एकाने लिहिलं, "भावाची बाजू घेणारच". दुसऱ्याने, "लेखिका हायत बाबा त्या". मग हसणारी तोंडं. आणि मग ग्रुप बंद. आता फक्त बंडूकाका लिहू शकतात.

त्यांना फोन केला. पहिल्यांदा आवाज गोड. "अगं, माज्या मनात काय हाय का तुमच्याबद्दल?" मग, "आपन शून्य होतो गं. तालुक्यात नाव होतं." मी म्हटलं, काका, 'एकूण'च्या जागी 'आज ०' असं लिहा, तेही खरंच आहे. "शासनाचा आकडा हाय तो, माजा नाय. मी कसा बदलू?" गुच्छ शासनाचा होता का, असं विचारलं. फोन ठेवला त्यांनी. मी नको ते बोलले. पण बोलले.

१५ जुलै, बुध.

नंदू कंटाळलाय. खोलीत सहा जण, पत्ते चालतात. "सगळे धडधाकट, ताई. एकाला शिंक आली तर बाकीचे टाळ्या वाजवतात." परवा सोडणार.

अप्पांनी आज आकडे विचारले नाहीत. सतीशही मोबाइल खिशात ठेवून चहा प्यायला. माझ्यासाठी करतायत हे कळलं. तरी राग गेला नाही.

१७ जुलै, शुक्र.

सोडलं. कागद दिला, बरा झाला म्हणून. पुन्हा तपासणी करत नाहीत. त्रास नसेल तर गरज नाही, असा नियम आहे.

साजगावच्या खोलीच्या मालकाने सामान आधीच व्हरांड्यात आणून ठेवलेलं. कुलूप नवीन. नंदू म्हणतो, "भांडलो नाय. त्याच्याबी घरात म्हातारं मानूस हाय."

गावात बंडूकाकांचं म्हणणं, "निगेटिव्हचा कागद आणा. मी स्वता हार घालतो." काका, तो कागद कुणालाच देत नाहीत. "मग आमाला कसं कळनार, गेला का नाय?" बरा झाल्याचा कागद आहे ना. "त्यावर निगेटिव्ह कुटं लिवलंय?"

हा प्रश्न काकांचा नाही, सगळ्या गावाचा आहे. त्यांना पुन्हा शून्य हवंय. आणि एकूण कधी खाली येत नसतं. नंदू शंभर वर्षं जगला तरी तो एकूण एकच राहणार.

सतीश म्हणाला, "इथे आणू या का?" विचारताना अप्पांच्या खोलीकडे बघत होता. अप्पांची साखर, अप्पांचं हृदय. नियमाप्रमाणे काही धोका नाही, मीच आठवडाभर सगळ्यांना सांगतेय. आणि मी म्हटलं, नको, बघू थोडे दिवस. इतकं पटकन म्हटलं की सतीशनेच चमकून बघितलं. आता गावाला काय म्हणून बोलू? बोलणार तरी आहेच. पण आज रात्री जेवण गेलं नाही.

१८ जुलै

रफीक नावाचा त्याच्या कंपनीतला मित्र, त्याच्या भावाचं खोपोलीत टायरचं दुकान आहे. वर माळा. तिथे झोपलाय नंदू. "खाली टायर, वर टायर, मधी मी. पंक्चर काढायला शिकतोय." रफीकची आई दोन वेळा डबा पाठवते. मी पाठवू का विचारलं तर म्हणाला, "तू नको येऊ, अप्पा हायत." त्याने स्वतःच म्हटलं. मला सोडवायला म्हटलं. लहानपणापासून हा असाच.

त्याला मी काय सांगितलं? हो म्हटलं.

२० जुलै, सोम.

आमची लावणी अर्धी राहिली. रोपं पिवळी पडायला लागलीत. वैशालीचा आज पहिल्यांदा तोल गेला, माझ्यावर. "ताई, तुमी तिकडं बसून शब्दांचं भांडान भांडा. मला नवरा पायजे घरी. दोन हात पायजेत." मग तीच रडली. म्हणाली, आत्यांना नका सांगू मी बोलले म्हणून.

संध्याकाळी ग्रुपवर : "आपले गाव : एकूण १".

मोबाइल पलंगावर आपटला. गादी आहे म्हणून वाचला.

२१ जुलै, मंगळ.

नंदू म्हणतो उद्या येणार. "अडवलं तर अडवलं. रोपं मरतील त्यापरीस बरं." वेशीवर पोरं बसवलीत बांबू टाकून, त्यातले दोघं याच्याच हाताखाली कबड्डी शिकले. तीच हात धरून मागे ढकलतील. हा उलट हात उचलणार नाही, हसेल काहीतरी बोलून. ते मला बघवणार नाही. पण मी नसताना झालं तर ते त्याहून वाईट. स्कूटरवर मागे बसवून मीच घेऊन जाणार. सतीशला सांगितलं. "आणि परत आल्यावर?" म्हणाला. परत आल्यावर मी माळ्यावर झोपेन, आपल्याकडेही माळा आहे, असं म्हटलं. अप्पांनी आतून ऐकलं असावं. बाहेर आले आणि म्हणाले, "झोप तू तुझ्या खोलीत. मी दार लावून बसतो." इतकंच. त्यांच्याबद्दल मीच काय काय धरून चालले होते.

आईला कळवलं. "नको आनू गं," म्हणाली, आणि लगेच, "किती वाजता?"

पोरं आमचं ऐकणार नाहीत. सगळं अडलंय ते एका माणसापाशी. बंडूकाका नुसते तिथे आले तरी बांबू आपोआप वर जाईल, हे त्यांनाही ठाऊक आहे. येणार नाहीत. समिती, शासन, गावाची अब्रू, कागद, आधी हे सगळं सांगतील. मग माझं ते गुच्छाचं बोलणं काढतील, तेही बरोबरच. कदाचित उत्तरच देणार नाहीत. राग धरून लिहायला बसले होते, पहिल्या तीन ओळी तशाच झाल्या, त्या पुसल्या. आत्ता जे पाठवलं ते इथे उतरवून ठेवते.

"काका, उद्या सकाळी मी नंदूला घरी घेऊन येते आहे. निगेटिव्हचा कागद नाही, मिळत नाही. तुम्ही वेशीवर या. आमच्याशी बोलू नका हवं तर. लांब राहा. पण आईच्या दारापर्यंत त्याच्याबरोबर चाला."