एमिल असा बोलत नव्हता

चि. लोरेटास अल्विनाचे आशीर्वाद. (नको असतील तर परत पाठव. टपाल तिकडून इकडेही येतं, हे तुला कुणी सांगितलेलं दिसत नाही.) तुझा गुडघा कसा आहे? उन्हासाठी म्हणून ॲरिझोनाला गेलीस आणि आता उन्हामुळे घराबाहेर पडवत नाही म्हणे. घरात बसायचंच होतं तर इथं काय वाईट होतं? मी ठणठणीत आहे. नदीला यंदा पाणी बेताचंच आहे. डोकं मात्र आठवडाभर तापलेलं आहे, आणि त्याला कारण तुझा मेलेला भाऊ.

तू गेल्यावर गावात एक नवं खूळ निघालंय. थडगेफेरी. पानगळीच्या दिवसांत गावातली जिवंत माणसं मेलेल्यांसारखे कपडे घालून टेकडीवरच्या दफनभूमीत जातात, एकेका दगडापाशी उभी राहतात आणि "मी अमका, मी असा जगलो" म्हणून सांगतात. लोक तिकीट काढून ऐकतात. (जिवंतपणी फुकटात कुणी ऐकलं नव्हतं.) हा आपल्या गावाचा इतिहास म्हणे! हॉर्नबेकची बोट वाळूत रुतली, ती काढायची अक्कल नव्हती म्हणून तो इथं राहिला, तर त्याला आता दूरदृष्टीचा संस्थापक केलाय. नदीतल्या शिंपल्यांची बटणं करणारा तो कारखानदार, ज्याच्या यंत्रांवर तुझ्या-माझ्या आयांच्या बोटांची सालटी निघाली, तो कामगारांचा पिता. मी आठवीपर्यंतच शिकले, पण एवढा खोटेपणा मला पाठ्यपुस्तकातही भेटला नव्हता. तरी मी गप्प होते. मग यंदा त्यांनी एमिलला घेतला.

वाचनालयातली जोनेल हे सगळं चालवते. तिनं एमिलचं काम कुणाला द्यावं? ट्रेव्हरला. तो दातांचा डॉक्टर, चर्चमध्ये बारीक आवाजात गातो तो. तालमीला मी चर्चच्या तळघरात जाऊन बसले. ट्रेव्हरनं छातीवर हात ठेवला आणि म्हणाला, "मी एमिल. फेरीबोट चालवत होतो. या नदीवर आणि पलीकडे जाणाऱ्या प्रत्येक माणसावर माझं प्रेम होतं."

प्रेम! लोरेटा, तुझा भाऊ बोटीवर गाड्या चढवताना शेतकऱ्यांना काय काय म्हणायचा ते तू ऐकलंयस. पाद्रीबाबांनाही रांगेतून मागे हाकलणारा माणूस तो. मी उठले आणि म्हटलं, "हा एमिल नाही. हा एमिलचा मुडदा आहे." जोनेल हसली. (इथल्या माणसाला तोंडावर वाईट बोलता येत नाही हे तुला ठाऊक आहे. घराला आग लागली तरी म्हणतील, आज जरा ऊबदार वाटतंय.) म्हणाली, "अल्विनाबाई, लोकांना छान वाटायला हवं ना!" मी म्हटलं, छान वाटायला तुमच्याकडे केक आहे. माझ्या नवऱ्याला केक करू नका. माझ्यानंतर तो कसा होता हे सांगायला कोण उरणार आहे? तू तिकडे वाळवंटात.

मग मी ट्रेव्हरला शिकवायला घेतलं. थुंकायचं कसं, डोळे बारीक करायचे कसे, शिवी पोटातून कशी काढायची. "गाढवा" म्हणताना तो आधी "माफ करा" म्हणायचा. दोन संध्याकाळी टिकला, मग सगळ्यांचे मनापासून आभार मानून निघून गेला. तेव्हा कॉफीच्या टेबलापाशी एक हात वर झाला. डेल्बर्ट श्रोडरचा!

हो, तोच. दारोदार फिरून पुलासाठी सह्या गोळा करणारा, एमिलची फेरीबोट बंद पाडणारा. तुझ्या भावानं त्याला मरेपर्यंत एक धड शब्द दिला नाही. त्याचा ट्रक नेहमी शेवटी घ्यायचा आणि मुद्दाम असा लावायला सांगायचा की उतरताना पाय चिखलात जावा. मी म्हटलं, माझ्या मढ्यावरून जावं लागेल. जोनेल म्हणाली, "किती छान कल्पना!" (डेल्बर्टच्या कल्पनेला. माझ्या मढ्याच्या नव्हे. निदान मी तसं समजले.)

शनिवारी थडगेफेरीच्या वेळी मी टेकडीवर गेले ती त्याला कॉलर धरून खाली आणायला. तो एमिलच्या दगडापाशी कमरेवर हात ठेवून उभा. लोक जवळ आले तसा बाजूला थुंकला आणि ओरडला, "मक्याच्या पोत्यांसारखे उभे काय राहिलात? सरका! बोट कलंडवताय काय? तुम्ही, हिरव्या कोटातल्या बाई, वजनदार आहात, मध्ये या!" त्या महापौरांच्या पत्नी होत्या. निमूट मध्ये आल्या. सगळ्यांना त्यानं वजनाप्रमाणे उभं केलं, अगदी एमिल गाड्या लावायचा तसं. मग पुलाच्या विषयावर आला आणि डेल्बर्ट श्रोडरला, म्हणजे स्वतःलाच, अशा शिव्या घातल्या की माझी मान ताठ झाली. एक शब्द गाळला नाही. सगळ्या त्यानेच खाल्लेल्या, त्यालाच पाठ असणार.

इथवर मी सहन केलं. पण मग म्हणतो, "पूल उघडला त्या दिवशी मी त्यावरून चालत गेलो. मधोमध थांबलो, खाली पाहिलं. वरून नदी किती रुंद दिसते, हे मला इतकी वर्षं माहीतच नव्हतं. तिथं तो गाढव श्रोडर भेटला. त्याला म्हटलं, घरी सांगशील तर नदीत फेकीन."

लोरेटा, एमिल मला शपथेवर सांगायचा की पुलावर त्यानं पाऊल ठेवलेलं नाही. माझ्या तोंडून निघूनच गेलं, "मला का नाही सांगितलंस?" डेल्बर्टनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "तू विचारलंस कधी? जा, कॉफी ठेव." मी म्हटलं, "हात मोडलेत का तुझे?" लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं बसवलेलं आहे. जोनेल डोळे पुसत म्हणाली, हे दर वर्षी ठेवू या. माझा इतका संताप झाला की मी टेकडी न थांबता उतरले, आणि खाली आल्यावर बाकावर बराच वेळ बसले. थकले म्हणून नव्हे.

प्रकृतीला जप. औषधं घेत जा, नुसती मोजत बसू नकोस.

तुझ्या भावाची (तुझ्या मते चुकून झालेली) बायको,
अल्विना

ता. क. आता मूळ काम. मी काही कायमची नाही, आणि जोनेल हल्ली माझ्याकडे शिंप्यासारखी बघते. मी गेले की ती माझ्या दगडापाशी ट्रेव्हरच्या बायकोला उभी करणार, आणि ती म्हणणार, अल्विनाबाई मनानं फार गोड होत्या. हे होता कामा नये. तू यायचंस. माझ्या लग्नाच्या दिवसापासून तू माझ्याशी भांडत आलीयस, मी काय काय बोलले ते तुझ्याइतकं कुणाला पाठ नाही. सगळं सांगायचं, काही गाळायचं नाही. गुडघ्यासाठी खुर्ची मिळते, मी विचारून ठेवलंय.

दुसरा ता. क. तिथं उभी राहून रडायचं नाही. रडलीस तर लोकांना वाटेल, आपलं पटत होतं.