राणीसाहेबांचा डावा हात

इंगोनिश, ७ जून १९९८

प्रिय सेडीमावशी,

भाचीचा नमस्कार, आणि आधी खुर्चीत नीट टेकून बस. फोनवर तुला धड ऐकू येत नाही आणि ही बातमी ओरडून सांगण्यासारखी नाही, म्हणून पत्र. मी परत मोटरसायकल चालवायला लागले आहे! परवान्याची परीक्षा पहिल्या फटक्यात पास. परीक्षक बिचारा सारखा माझ्या लुळ्या हाताकडेच बघत होता. शेवटी म्हणाला की बाई, दोन हातवाल्यांपेक्षा तुम्हीच बऱ्या वळता.

सगळी करामत आमच्या गॅरेजवाल्या हेक्टरची. क्लच आणि ब्रेक, दोन्हींचे दांडे त्यानं उजव्या मुठीवर एकाखाली एक बसवले. डावा हात मी चामडी पट्ट्यानं डाव्या मुठीला अडकवते. पडायची वेळ आली तर पट्टा झटक्यात सुटतो, काळजी नको. लांबून बघणाऱ्याला वाटावं, दोन्ही हात ठणठणीत. चार वर्षांनी डोंगर चढले गं, आणि हेल्मेटच्या आत वेड्यासारखी गात सुटले.

लॉकीदादाला मात्र यातलं अक्षरही सांगू नकोस. अपघाताच्या दिवशी तो पुढे होता, मी मागे. वळणावरच्या खडीवरून तो निघून गेला आणि मी घसरले, यात त्याचा काय दोष? पण त्यानं ते मनाला लावून घेतलंय. इस्पितळात माझ्या उशाशी बसून ढसाढसा रडला आणि पुन्हा गाडीवर बसणार नाही असं वचन घेतलं. ते मी मोडलंय. त्याला कळलं तर तो गाडी विकायला सांगेल, आणि तो रडायला लागला की मी विकेनही, हीच मला भीती आहे. म्हणून गाडी हेक्टरच्या शेडमध्ये लपवून ठेवते.

तुझी, सध्या फार खूश असलेली,
एफी


शेटीकॅम्प, २३ जून १९९८

ती. मावशीस लॉकीचा सा. न. वि. वि.

इकडे सर्व ठीक. लॉब्स्टरचा हंगाम बरा गेला. तू पाठवलेले ओटकेक पोचले. निम्म्यांचा भुगा झाला होता, तो दुधात घालून खाल्ला.

डोकं मात्र तापलंय. आम्हा मोटरसायकलवाल्यांचा रिवाज तुला माहीत आहे. समोरून मोटरसायकल आली की डावा हात खाली सोडून सलाम करायचा, मग ओळख असो वा नसो. तर हल्ली दर रविवारी एक निळी गाडी समोरून जाते. वर बाईच असावी. आम्ही सात जण, सातांचे सात हात खाली, आणि ही बया हात सोड, मानसुद्धा हलवत नाही! नाकासमोर बघत सुसाट निघून जाते. मी सगळ्यात शेवटी असतो. चार वर्षांत पुढे राहायची हिंमत झालेली नाही, का ते तुला ठाऊक आहे. त्यामुळे शेवटचा अपमान माझ्या वाट्याला. आमच्या मंडळींनी तिचं नाव राणीसाहेब ठेवलंय. १२ जुलैला फ्रेंच माउंटनच्या वर, समुद्र दिसतो त्या थांब्यावर, आम्ही तिला अडवणार आहोत. मी विचारणार आहे, बाईसाहेब, हाताला मेंदी लावलीय का?

एफीची काही खबर? मला दोन ओळींच्या वर लिहीत नाही. तिचा हात दुखतो का, तूच विचार. मी विचारलं की खेकसते.

माया आहेच, ती आटू देऊ नकोस.
लॉकी


हॅलिफॅक्स, २९ जून १९९८

चि. एफीस पोटभर आशीर्वाद आणि एक धपाटा.

लॉकीचं पत्र वाचून मी इतकी हसले की शेजारीण धावत आली. तिला वाटलं, म्हातारी गेली. अगं राणीसाहेब, तुला सलाम करून करून सात माणसांचे हात दुखायला आले! १२ तारखेला ते तुला डोंगरावरच्या थांब्यावर अडवणार आहेत. हाताला मेंदी लावलीय का, असं विचारायचा आपल्या शहाण्याचा बेत आहे.

हसून झालं आणि मग पुढचा विचार केला. एफी, तो चारचौघांत हे बोलेल आणि मग तुझा हात बघेल. ते शब्द त्या माणसाला जन्मभर खातील. चार वर्षं स्वतःला बोल लावण्यात घालवली, आता आणखी एक निमित्त देऊ नकोस. आजच्या आज त्याला लिही. गाडी विक म्हणाला तर मुळीच विकू नकोस. रडू दे खुशाल. रडून कुणी मरत नाही, मी चौऱ्यांशी वर्षं रडतेय.

तुझी म्हातारी मावशी,
सेडी


इंगोनिश, ४ जुलै १९९८

प्रिय लॉकीदादा,

राणीसाहेब मी आहे.

पाणी पी, मग पुढे वाच. हात मुठीला बांधलेला असतो, म्हणून खाली सोडता येत नाही. मान हलवली नाही, कारण तू ओळखशील अशी धास्ती. पहिल्या रविवारी तुझा हात माझ्यासाठी खाली आलेला पाहिला आणि मला गाडी बाजूला घेऊन थांबावं लागलं, इतकं रडू आलं.

वचन मोडलं त्याची माफी मागते. गाडी चालवते त्याची नाही मागणार. दादा, चार वर्षं लोक माझ्यासाठी दार उघडतात, ताटातलं कापून देतात, माझ्याशी आवाज बारीक करून बोलतात. गाडीवर मला कुणी बिचारी म्हणत नाही. उद्धट म्हणतात! मावशीनं कळवलं तेव्हा किती बरं वाटलं म्हणून सांगू?

१२ तारखेला दहा वाजता थांब्यावर येते. हव्या तेवढ्या शिव्या दे. गाडी विकणार नाही.

तुझी, घाबरलेली तरी हट्टी,
एफी


शेटीकॅम्प, १३ जुलै १९९८

ती. मावशीस लॉकीचा नमस्कार, तुझी लायकी नसताना. तुला सगळं आधीपासून ठाऊक होतं, लबाड म्हातारे!

एफीचं पत्र तीन दिवस पुन्हा पुन्हा वाचलं. मग एक जोरदार भाषण तयार केलं. ती आली, पट्टा सोडला, हेल्मेट काढलं. केस चप्प बसलेले, नाक लाल, आणि चेहरा असा की चार वर्षांत मी तो पाहिलाच नव्हता. भाषण राहिलंच. मी आपला रडत उभा, आणि आमची मंडळी समुद्राकडे तोंड करून देवमासे शोधत असल्यासारखी उभी.

झालं का रडून, असं तिनं विचारलं. मग म्हणाली, चल, तू पुढे हो, मी मागे येते. मी म्हटलं, एफी, हे मला नाही जमणार, दुसऱ्या कुणाला पुढे घे. त्यावर म्हणाली, दुसऱ्याच्या मागे मी कधी गेलेय? मला तुझ्याच मागे यायचंय.

गेलो. पहिल्या वळणाला आरशात पाहिलं, तिचा दिवा होता. दुसऱ्या वळणाला पाहिलं, होता. समोरून कुणी अनोळखी गाडीवाला आला, मी हात खाली सोडला आणि मागे बाईसाहेबांनी अशी झोकात मान लववली की त्या माणसानं वळून पाहिलं. डोंगर उतरून घरापर्यंत मी दर वळणाला आरशात बघत आलो. दर वेळी दिवा होता, मावशी.

घरी तिनं सहा फिश केक हाणले आणि सातवा माझ्या ताटातून उचलला.

तुझ्यावर रागावलोय, तरी माया कमी करू नकोस.
लॉकी

ता. क. एफी म्हणते की वळणावर मी गोगलगाय आहे, म्हणून पुढच्या रविवारी ती पुढे असणार. मी हो म्हटलंय.