लोखंडी भाऊ

नांदूरघाट

चि. धोंडीरामास,
वैजनाथाच्या कृपेनं तुझ्याकडं सगळे सुखरूप असावेत. इकडं सगळे बरे, माझं डोकं तेवढं कालपासून तापलेलं आहे आणि ते तुझ्यामुळं. (तिकीट वाया नको म्हणून पत्र भिवराबाईच्या जावयाबरोबर धाडते. त्यानं वाचलं तरी हरकत न्हाई, तुमच्या दिंद्रुड गावभर वाचावं.)

दुष्काळात बैलं घेऊन मी माहेरी चारा छावणीवर आले होते, तेव्हा दूध सोसायटीनं पडदा लावून इंग्रजी सिनेमा दाखवला होता, आठवतं? भाषा कुणालाच कळेना, म्हणून कॉलेजात जाऊन आलेला तू माइक धरून गोष्ट सांगितलीस. उडत्या तबकडीतून उतरलेला लोखंडी माणूस म्हणजे सिनेमातल्या डॉक्टरीणबाईचा मागल्या जन्मीचा भाऊ. बहिणीच्या गावाला पाणी मिळावं म्हणून शेवटी धरणाचा दरवाजा उघडतो आणि स्वतः वाहून जातो. सगळी छावणी रडली. मी तर एवढी रडले की दुसऱ्याच दिवशी माजलगावला जाऊन वडिलांच्या जमिनीचं हक्कसोडपत्र तुला करून दिलं. असे भाऊ असताना बहिणीनं वाटा कशाला मागायचा!

काल एकादशीला तोच सिनेमा टीव्हीवर मराठीत लागला. शेजारच्या गीताबाईला हाताला धरून आणलं, म्हटलं, भाऊ कसा असतो ते बघ. थोड्या वेळात ती म्हणाली, "आवो काकू, कशाचा भाऊ? ह्यो तर तिला मारायला आलाय की!" धोंडीराम, तो तिचं घर बळकावतो! आणि वाहूनबिहून जात न्हाई, तीच त्याला धरणाच्या भिंतीवरून ढकलते. आमचे मालक ठसका लागेस्तोवर हसले. "तुझ्या भावानं बाकी काय बी सांगू दे," म्हणाले, "नातं मात्र बरोबर सांगितलं व्हतं." (ह्या गडबडीत साबुदाणा करपला. करपलेला खाल्ला, टाकला न्हाई.)

त्या बाईला निदान धरणाची भिंत तरी सापडली.

तुझी,
सिंधुताई

ता.क. बोअरजवळचा पट्टा बक्षीसपत्र करून माझ्या नावावर कर. भांडायला येणार न्हाई, गाडीभाडं फुकट जातं.

आणखी एक. बचत गटाच्या बायकांना इतकी वर्षं मी तुझीच गोष्ट सांगत आले. त्या म्हणतात, टीव्हीवरचाच खोटा. हनुमान जयंतीला आमची सोसायटी पडदा लावणार आहे, आवाज बंद ठेवून. तू ये, माइक धर. तो भाऊच असू दे, मलाही तसाच आवडतो. फक्त वाहून जायच्या आधी त्याला सातबाऱ्यावर बहिणीचं नाव लावायला लाव, आणि ते मोठ्यानं सांग.