चंद्राचं नाव कौतिका ठेवल्याबाबत

मृत्युपत्र लिहून ठेवणार: सौ. सरस्वती बद्रीनाथ औताडे, माहेरचं नाव कौतिका सांडू गाडेकर, वय सत्तर, धंदा पिठाची गिरणी, राहणार मुकुंदवाडी, छत्रपती संभाजीनगर. जुन्या कागदांवर औरंगाबाद आहे. शहराचे कागद दोन नावांचे, माझेही दोन नावांचे, त्यामुळे वाचणाऱ्याने दमाने घ्यावं.

हे मी माझ्या राजीखुशीने, माझ्याच हाताने, नात श्रेया हिच्या जुन्या वहीच्या कोऱ्या पानांवर लिहीत आहे. कोणी सांगितलं नाही, कोणी धमकावलं नाही. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत टाचला आहे. डॉक्टरांनी मला वार, महिना आणि नाव विचारलं. वार आणि महिना लगेच सांगितला. नावाला जरा वेळ लागला. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, पण त्यांना काय काय सांगत बसणार?

वकील सोनियाताई म्हणाल्या, मृत्युपत्रात गोंधळ चालत नाही. मी म्हटलं, मग माझं होणारच नाही. तेव्हा त्या म्हणाल्या की कोणाला काय द्यायचं तेवढं स्वच्छ लिहा, बाकीचं राहू द्या. तेवढं स्वच्छ आहे. बाकीचं मलाही स्वच्छ नाही.

कलम १. घर. मुकुंदवाडीचं घर गिरणीच्या कमाईतून घेतलेलं असून सरस्वती या नावावर आहे. शिवराजचे वडील, म्हणजे माझे यजमान, हयात असेपर्यंत त्यांनी याच घरात, पुढच्या खोलीत, खिडकीजवळच्या खाटेवर राहावं. त्यांना मागच्या खोलीत हलवू नये. तिथं आभाळ दिसत नाही. त्यांच्यानंतर घर मुलगा शिवराज आणि सून मंजुषा या दोघांचं मिळून. मंजुषाचं नाव ती माहेराहून घेऊन आली तेच कागदावर लावावं. तिच्या लग्नात नाव बदलायचं ताट पुढे आलं होतं. ते मी तांदळासकट परत पाठवलं आणि दुसऱ्या दिवशी त्याचा भात केला.

कलम २. गिरणी मंजुषाला. तिला पिठाने खोकला येत नाही आणि कोणता डबा कोणाचा हे तिला न विचारता कळतं. दगडाला टाकी लावायची छिन्नी खिडकीत आहे. ती शिवराजच्या हाती देऊ नये, तो तिने रंगाचे डबे उघडतो. माझ्या दोन पाटल्या आणि पोस्टातली शिल्लक श्रेयाला, तिच्या शिक्षणासाठी.

कलम ३. भांडी. पितळेची एक घागर, दोन पातेली, एक परात, एक तांब्या, तीन वाट्या. सगळ्यांवर ‘सौ. सरस्वती’ असं कोरलेलं आहे. ही भांडी माझी नाहीत.

हे नीट सांगायला हवं, नाहीतर शिवराजला वाटेल की आई भ्रमिष्ट झाली.

मी फुलंब्रीकडची. कौतिका हे नाव आत्याने ठेवलेलं. एकोणिसाव्या वर्षी लग्न जमलं. मुलगा बिजवर आहे, पहिली तापाने गेली, मूलबाळ नाही, एवढं माझ्या वडिलांना सांगण्यात आलं. पहिलीचं नाव वडिलांनी विचारलं नाही आणि सासरच्यांनी सांगितलं नाही. लग्नात ताटात तांदूळ पसरले, शिवराजच्या वडिलांनी अंगठीने त्यात ‘सरस्वती’ लिहिलं, बायका वाकून वाचायला लागल्या, आणि मी कौतिकाची सरस्वती झाले. सासरी पहिल्याच सकाळी पाण्याला जायला घागर उचलली, तर तिच्यावर माझं नवं नाव. पातेल्यावर नाव, वाटीवर नाव. मला भरून आलं. आपण यायच्या आधी आपलं नाव कोरून ठेवणारी माणसं मिळाली, असं वाटलं. मी तसं माहेरी पत्रही धाडलं.

अकरा वर्षं मी ती घागर चिंचेने घासली. मग आम्ही मुकुंदवाडीत आलो. यजमान वाळूजला कारखान्यात कामाला लागले. एके दुपारी शेंद्र्याहून कारभारी दांडगे नावाचे गृहस्थ आले. मुलीच्या लग्नाचं आवतन द्यायचं होतं. यजमान पाळीला गेले होते. मी पाणी दिलं. ते ओट्यावर टेकले आणि शेजारी पालथी घातलेली घागर त्यांनी सहज हाताने फिरवली. मग अक्षरांवर त्यांचा अंगठा थांबला.

“ही आमच्या सरूची घागर,” ते म्हणाले. “माझ्या बापानं शहागंजातून घेऊन नाव कोरून आणली व्हती.”

मी म्हटलं, “नाय भाऊ, माझी हाय. माझंच नाव सरस्वती.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग घागरीकडे. मला काही कळायच्या आधी त्यांना सगळं कळलं होतं. घागर सरळ करून ठेवत ते म्हणाले, “व्हय. तुमचीच.” आणि चहा न घेता गेले.

सासूबाई आत डाळ निवडत होत्या. मी विचारलं. त्यांनी मान वर न करता सांगितलं, “भांड्यावरची नावं कुठं खोडत बसायची? तुझंच बदललं. लई सोपं पडलं.”

तर वरील सर्व भांडी पहिलीचे भाऊ कारभारी दांडगे यांना, ते नसतील तर त्यांच्या मुलांना, घासून पुसून परत द्यावीत. शिवराजने स्वतः जावं, कोणाच्या हाती पाठवू नयेत. इतक्या वर्षांनी का, असं त्यांनी विचारलं तर उत्तर मला माहीत नाही. त्याच आठवड्यात द्यायला हवी होती. पण ती गेली असती तर या घरात माझं नाव लिहिलेलं काहीच उरलं नसतं. आणि ते माझं नव्हतंच, हेही मला ठाऊक होतं. दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या असल्या की माणूस घागर घासत राहतो.

कलम ४. चंद्र. सोनियाताईंनी हे कलम खोडायला सांगितलं होतं. मी खोडलेलं नाही.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर श्रेया शाळेच्या रिक्षातून उतरली तेव्हा तिला दुपारी चार वाजता आभाळात चंद्र दिसला. ती दप्तर घेऊन तशीच गिरणीत आली आणि म्हणाली, “आजी, ऋतुराजमामाला नाव आहे. मग चांदोमामाला का नाही?” ऋतुराज हा मंजुषाचा भाऊ.

मी म्हटलं, त्याचं नाव चंद्र. शेजारचे पुंडलिक गुरुजी ज्वारीचा डबा घेऊन उभे होते. त्यांनी जन्मभर भूगोल शिकवला. ते म्हणाले की गुरूला, शनीला पुष्कळ चंद्र आहेत आणि त्यांना एकेकाला नाव आहे. आपल्या एकुलत्या एकालाच नाही. नुसतं चंद्र म्हणणं म्हणजे एखाद्याला नुसतं माणूस म्हणण्यासारखं.

त्या दिवसापासून आमच्या घरात चंद्राचं बारसं सुरू झालं. श्रेयाने गोलू सुचवलं आणि आठ दिवसांनी स्वतःच मागे घेतलं, कारण तो रोज गोल नसतो. मंजुषा म्हणाली, पाहुणा. श्रेया म्हणाली, पाहुणे महिन्याला येत नाहीत. शिवराजने शशी, सोम, रजनीनाथ अशी यादी वाचली. गुरुजींनी अर्थ सांगितले: ससा असलेला, रात्रीचा धनी. ही वर्णनं झाली, नाव नव्हे, असं मला वाटलं. मलाही लोक गिरणीवाली म्हणतात. नाव कशाला म्हणायचं, हे मात्र मला नीट सांगता येईना. वर्णन नाही, नातं नाही, कोरलेलं असलं म्हणजे झालं असंही नाही. मग काय उरतं? मी गिरणीत डबे उचलता उचलता याचाच विचार करायची, आणि दोनदा गव्हाच्या डब्यात बाजरीचं पीठ गेलं.

एका संध्याकाळी ओट्यावर ज्वारी निवडताना माझ्या तोंडून निघालं, “कौतिका ठेव.” का निघालं, माहीत नाही. पन्नास वर्षांत ते नाव माझ्या तोंडी आलं नव्हतं.

श्रेया म्हणाली, “पण तो मामा आहे ना?”

मी म्हटलं, बघ जमतंय का. तिने वर बघून तीनदा म्हणून पाहिलं. मग म्हणाली, “जमतंय. पण आता ती मावशी झाली.”

हे नाव वडिलोपार्जित की स्वकष्टार्जित, यावर सोनियाताई आणि गुरुजी यांचं एकमत झालं नाही. काही असो, माझ्यानंतर त्याचा हक्क श्रेयाला. पुढे तिला बदलावंसं वाटलं तर तिने बदलावं, पण आधी चंद्राला विचारावं. कसं विचारायचं ते मी सांगू शकत नाही. मला कोणी विचारलं नव्हतं, त्यामुळे पद्धत ठाऊक नाही.

कलम ५. शिवराजचे वडील. त्यांना मी वस्तू काही देत नाही, त्यांना लागत नाही. पण त्यांच्याबद्दलचं लिहायलाच हवं.

त्यांनी मला कधी नावाने हाक मारली नाही. आधी ‘अगं’, मग ‘ऐकलं का’, मग ‘शिवाची आई’. सगळेच नवरे तसे, म्हणून मी कधी मोजलं नाही. श्रेयाने अंगणातून “कौतिका आली!” असं ओरडून सांगितलं, त्या संध्याकाळी ते खाटेवर पेपर वाचत होते. पेपर खाली आला. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना ते म्हणाले, “हे नाव मला ठाऊक व्हतं. तुझ्या बापाच्या पत्रात व्हतं.”

मी विचारलं, मग तांदळात दुसरं का लिहिलं?

“आईनं सांगितलं तसं लिहिलं. लिहिलं खरं, पर हाक माराया गेलो की तोंडातून निघंना. म्या तुला त्या नावानं कधी बोलिवलं का, सांग.”

खरंच, कधी नाही. मी विचारलं, “कुणासाठी निघंना? तिच्यासाठी, का माझ्यासाठी?”

त्यांनी चहावरची साय बोटाने बाजूला केली. मग म्हणाले, “ते मला बी उमगलं नाय.”

मला राग यायला हवा होता. रडू यायला हवं होतं. दोन्ही अर्धं अर्धं आलं आणि मी गिरणी उघडायला गेले. आता ते संध्याकाळी श्रेयाला विचारतात, “कौतिका आली का बघ.” मी शेजारीच बसलेली असते. चंद्राला म्हणतात की मला, कळत नाही. एकदा चुकून मी ‘ओ’ दिली. श्रेया पोट धरून हसली. ते हसले नाहीत.

त्यांना कोणी या गोष्टीवरून छेडू नये.

कलम ६. सासूबाईंचा फोटो पुढच्या खोलीत आहे, तो तिथंच राहू द्यावा. माझा फोटो त्यांच्या शेजारी लावू नये. समोरच्या भिंतीवर लावावा, म्हणजे त्यांना माझ्याकडे बघावं लागेल. दहाव्याला माझं नाव घेताना दोन्ही नावं घ्यावीत, आणि पहिल्या सरस्वतीसाठी वेगळं पान वाढावं. तिला काय आवडायचं ते मी कोणालाच विचारलं नाही. पुरणपोळी करावी, बहुतेक चालेल.

एवढं लिहून मी काल सही करणार होते, पण राहिली. काल कार्तिक अमावस्या होती. शिवराज आणि मंजुषा श्रेयाला घेऊन तिच्या ऋतुराजमामाकडे गेले होते. घरात आम्ही दोघंच. दिवेलागणीला मी ओट्यावर ही वही घेऊन बसले होते, आणि आतून आवाज आला, “कौतिका, चहा टाकतीस का?”

मी आधी वर पाहिलं. आभाळात काहीच नव्हतं.

मग मी म्हटलं, “आले.”

हे मृत्युपत्र मी वाचून, समजून, आणि जिथं समजलं नाही तिथं तसं लिहून पूर्ण केलं आहे.

सही: सरस्वती बद्रीनाथ औताडे
सही: कौतिका
(दुसरी सही वकिलांनी नको म्हटली होती. प्रथमच केली, म्हणून ओळ सोडून वर गेली आहे.)

आम्ही खाली सह्या करणाऱ्यांनी बाईंना दोन्ही सह्या करताना समक्ष पाहिलं. या कागदाने आम्हाला काही मिळत नाही.

साक्षीदार १: पुंडलिक गुरुजी, शेजारी
साक्षीदार २: बन्सी गायके, गिरणीचं गिऱ्हाईक

स्थळ: मुकुंदवाडी, छत्रपती संभाजीनगर
दिनांक: २१ नोव्हेंबर २०२५, शुक्रवार