सोळा तोंडांचे आटे

देवास,
४ मे १९५६

प्रिय नीलकंठ,

तुझं कार्ड मिळालं. चार वर्षांत पहिलंच, आणि त्यातली अर्धी जागा अक्काच्या गुडघ्यांना दिलीस. उरलेल्या चार ओळींत लिहितोस की धारला खेड्यापाड्यांत न्यायची पाण्याची टाकीगाडी आणि पंप आले आहेत, ते सांभाळायला तुला बोलावणं आलं आणि तू नाही म्हणून मोकळा झालास. कारण काय, तर या हातांनी तीन जीव घेतले, आता पाइपाला हात लावणार नाही. वर मलाच विचारतोस, दत्ताजी, तू मला माफ केलंस का. कालपासून चार वेळा वाचलं आणि चारही वेळा स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली. आज रजा टाकून लिहायला बसलो आहे. मधेच फाडू नकोस, तुझी सवय मला ठाऊक आहे.

इकडे बंबखाना तसाच आहे. मारुती अजून ट्रक चालवतो आणि अजून इंजिनाशी बायकोशी भांडावं तसा भांडतो. माझा पंप खोकत का होईना, चालतो. लढाई संपल्यावर फौजी सामानाच्या लिलावातून दोन पंप आले होते ते आठवतात ना? देवासच्या गाद्या दोन, म्हणून एक थोरल्या पातीला, एक धाकट्या पातीला. रस्त्याची ही बाजू एका राजाची, ती दुसऱ्याची, आणि आपण दोघे समोरासमोरच्या ओट्यांवर वाढलेले, मी थोरल्या पातीचा, तू धाकट्या. पंप मात्र जुळे होते. पाइपांची पितळी तोंडंसुद्धा एका मापाची, तुझं माझ्यात फिरवलं की बसायचं. आपण दोघांनी पहिल्याच दिवशी लावून पाहिलं होतं आणि पोरांसारखे हसलो होतो.

मग सत्तेचाळीसचा दसरा आला. टेकडीखाली दोन्ही बंबांनी पाणी उडवून दाखवायचं होतं. तू आदल्या दिवशी न विचारता माझे दोन पाइप उचलून नेलेस. तळ्यापासून मैदानापर्यंत तुझं पाणी पोचलं, माझं दोन पाइपांनी कमी पडलं. सगळ्या देवासासमोर मी कोरडी तोटी धरून उभा, आणि लोक हसत होते. नाकाला मिरच्या झोंबल्या रे. बंबखान्यामागे तुला गाठलं तेव्हा हातात पाना होता. पहिल्याच फटक्याला तुझे पुढचे दोन दात पडले, तू माझं डोकं भिंतीवर आपटलंस, माझा डावा कान तेव्हापासून बहिरा आहे. मारुतीने बादलीभर पाणी ओतलं तेव्हा कुठे आपण सुटलो. दिवाळीला तू फराळ घेऊन आलास, बोळक्या तोंडाने हसलास, आणि सगळ्यांना वाटलं, मिटलं. तुलाही वाटलं.

त्या दसऱ्यानंतर आणि त्या दिवाळीआधी मी एक काम केलं होतं. ते पुढे सांगतो. आधी त्या दिवसाचं, कारण तुला तो तुझ्या बाजूने आठवतो, मला माझ्या.

बावन्नचा वैशाख. तोवर संस्थानं गेली होती, दोन्ही पंप एकाच छपराखाली आले होते. भर दुपारी सोनकच्छहून माणूस आला, काळी सिंधच्या काठची वस्ती पेटली म्हणून. तुझ्या पंपाचं इंजिन दुरुस्तीला उघडं पडलं होतं, म्हणून मी पंप आणि माझे आठ पाइप घेऊन पुढे गेलो आणि तू मागून दुसऱ्या ट्रकने तुझे सात घेऊन निघालास. विहिरी आटलेल्या, पाणी फक्त नदीच्या डोहात. आठ पाइप पसरले तर धार पहिल्या गोठ्याच्या अलीकडेच पडली. पुढे छपरांमागून छपरं पेटत होती. दाव्याला बांधलेली जनावरं जळताना जे ओरडतात ते मला बहिऱ्या कानानेही ऐकू येत होतं. उमाशंकर नावाचा एक माणूस जळक्या दारावर पुन्हा पुन्हा धावत होता, केस जळालेले, हातांची कातडी लोंबत होती. आत त्याची आई, बायको आणि झोळीतलं मूल होतं. चार जणांनी त्याला धरलं तर तो त्यांना चावत होता.

तुझा ट्रक धुळीतून दिसला तेव्हा लोक ओरडले, "आ गया पाणी, आ गया!" तू उडी मारलीस, पाइप खांद्यावर घेऊन धावलास, माझ्या शेवटच्या तोंडात तुझं तोंड घातलंस. अर्धा फेरा बसला आणि अडकला. काढलंस, पुसलंस, पुन्हा लावलंस. पुन्हा अर्धा फेरा. तिसऱ्यांदा तू पान्याने ठोकलंस आणि मला म्हणालास, "दत्ता, हात लाव रे, घाईत माझ्याच्यानं आटे चढले." मी हात लावला. मीही जोर केल्यासारखं दाखवलं. तेवढ्यात ते छप्पर आत कोसळलं आणि आतलं ओरडणं थांबलं.

मग जमाव आपल्यावर आला. मारुतीच्या डोक्यात काठी बसली, माझा सदरा फाटला. उमाशंकरने माझा गळा धरला. त्याचे डोळे अजून दिसतात. त्याने एवढंच विचारलं, "किसकी गलती है, भिया?" आणि मी बोट दाखवलं. नीलकंठ, मी तुझ्याकडे बोट दाखवलं आणि म्हणालो, "इसने आटे बिगाड़े." त्यांनी तुला जमिनीवर पाडलं. दोघे छातीवर बसले, एकाने डावा हात दगडावर धरला आणि उमाशंकरने तुझ्याच पाइपाच्या पितळी तोंडाने तो ठेचला. सहा वेळा. मी मोजलं, कारण मी दहा पावलांवर उभा होतो आणि हललो नाही. तू माझ्याकडे बघत होतास. तुला वाटत होतं मी भीतीने गारठलो आहे.

तीन बोटं गेली, नोकरी गेली. चौकशीत तू स्वतःच म्हणालास, चूक माझी. साहेबांनी मला विचारलं तेव्हा मी मान डोलावली. तू अक्काकडे धारला निघालास तेव्हा ते पाइपाचं तोंड पिशवीत घालून नेलंस, ते कुणी मागितलंच नाही. कार्डात लिहितोस की खुंटीला टांगलं आहे आणि रोज बघतोस.

आता ऐक. त्या दसऱ्यानंतर मी माझे आठही पाइप लेथवाल्याकडे नेले होते आणि सोळाही तोंडांचे, आणि वर पंपाच्या तोंडाचेही, आटे बदलून घेतले होते. जाडाचे बारीक. का, तर तुझ्या पातीला माझा पाइप पुन्हा कधी लागू नये. दोन्ही पंप एकत्र आले तेव्हा सांगायला हवं होतं, लाज वाटली. तुझा ट्रक धुळीत दिसला तेव्हाही सांगता आलं असतं. निदान तू तीनदा झटत बसला नसतास, बादल्यांची रांग लागली असती, कुणी वाचलं असतं. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, तो दांडा मी आहे. हे सगळं काल साहेबांना लिहून दिलं आहे. उमाशंकरकडे परवा जाणार आहे, त्याला काय करायचं ते तो करील. मला माफी नको, आणि ती तू देऊही नकोस. पण धारची गाडी घे. तिकडच्या खेड्यांना पाइप जोडणारा माणूस हवा आहे, आणि तुझ्याइतका स्वच्छ आटा बसवणारा मी दुसरा पाहिला नाही. या पत्राबरोबर पार्सलने माझ्या पाइपाचं एक तोंड पाठवतो आहे. खुंटीवरचं तुझं काढ, उजेडात बस, अक्काला एक बाजू धरायला सांग आणि सावकाश, हवा तेवढा वेळ घेऊन लावून बघ. बसणार नाही.

तू म्हणशील तरच तुझा,
दत्ताजी