वरचं दूध

३ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. इकडे सगळं बरं आहे असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहिते. बरं काही नाही.

बारकी वजन धरत नाही. नर्सबाई येऊन तिला काट्यावर ठेवून गेल्या. म्हणाल्या, पुढच्या खेपेला काटा सरकला नाही तर दवाखान्यात ठेवून घेऊ. ताई, आईलाही ठेवूनच घेतलं होतं. भीतीने दूध आणखीच आटतं. बारकी ओढते, ओढते, मग नुसती माझ्याकडे बघत राहते. रडायचंही त्राण नाही तिला. हे ट्रक घेऊन गेलेत ते महिनाअखेरीला येणार.

त्यात ती वरची. आमच्या डोक्यावरच्या खोलीतली, गवंड्याची बायको. तिचा पोरगाही अंगावर पिणारा, चांगला गुटगुटीत. त्याची दुपटी न पिळता दोरीवर टाकते आणि सगळं पाणी माझ्या वाळलेल्या कपड्यांवर. काल मी काठीने तिची सगळी दुपटी मातीत पाडली. म्हटलं, पिळायला हात नाहीत का. तीही वरून बरंच बोलली. पण जिरली वरचीची.

तू चार दिवस तरी ये. तुझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपायचंय मला. पत्रातून लोभ पाठवतेसच, या वेळी तूच ये.
तुझी ठमी

९ फेब्रुवारी

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद. येता येत नाही गं. सासूबाईंचा पाय प्लास्टरमध्ये आहे आणि दुकानात शाळेच्या गणवेशांचा ढीग पडलाय. मशीनवरून उठले की मालकाचं तोंड सुरू होतं.

तू डोकं शांत ठेव. पाणी पीत जा. आणि तुझं पुरत नसेल तर वरचं दूध घे. त्यात लाजायचं काय? कितीतरी बायकांना घ्यावं लागतं. मुकाट्याने घे आणि पाज. भांडणात दम घालवू नकोस, तो पोरीसाठी ठेव.

बारकीच्या गालाला माझा हात लाव.
तुझी ताई

१५ फेब्रुवारी

ती. ताईस,
नमस्कार. तुझं पत्र वाचून आधी तुझाच राग आला. म्हणे वरचं दूध घे, लाजू नकोस. सांगायला तुझं काय जातंय? तिच्या दुपट्यांची माती अजून निघाली नसेल. मी कोणत्या तोंडाने मागू?

पण नर्सबाई यायच्या होत्या. बारकीला उचललं आणि जिना चढले. वरची भांडी घासत होती. मी खाली बघूनच सांगितलं, की माझ्या ताईने वरचं दूध घ्यायला सांगितलंय. ती माझ्याकडे बघतच राहिली. मग बारकीकडे बघितलं. हात धुतले, कोरडे केले, भिंतीला टेकून बसली आणि म्हणाली, आण इकडे. आपल्या पोराला एका बाजूला लावलं, दुसऱ्या बाजूला हिला घेतलं. ताई, बारकी गटगट प्यायली. आवाज येत होता. असा आवाज मी तिचा कधी ऐकलाच नव्हता. मी तिथेच रडायला लागले, तर वरची म्हणाली, बाहेर जाऊन रड, पोरं दचकतात.

रोज आण म्हणाली. मी दुपट्यांचा विषय काढला, तर म्हणाली की ते भांडण आपण नंतर सावकाश करू, ते काही पळून जात नाही, पोरीची भूक थांबायची नाही.

नर्सबाईंचा काटा सरकला. ठेवून घेणं टळलं. हे घरी येतील तेव्हा म्हणतील, वरच्याची कृपा. मी म्हणेन, वरचीची.

तू मात्र हवी होतीस. लोभ पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी ठमी

२१ फेब्रुवारी

चि. ठमीस,
आशीर्वाद. अगं येडे, वरचं दूध म्हणजे दुकानातलं, गाईम्हशीचं. वरचीचं नव्हे. दुकानात वाचलं आणि एवढी हसले की बाही उलटी शिवली. मालकाने सोडलेलं तोंड अजून मिटलेलं नाही.

घरी आल्यावर परत वाचलं, तेव्हा हसू आलं नाही. त्या भिंतीला टेकून मी बसायला हवं होतं. आई असती तर तू हा शब्द तिच्याकडून शिकली असतीस. मीही कधी सांगितला नाही.

तिला माझा नमस्कार सांग. वयाने लहान असली तरी नमस्कारच सांग.
तुझी ताई

११ एप्रिल

ती. ताईस,
नमस्कार. बारकीला आता बारकी म्हणवत नाही. मांडीवर घेतली की पायाला मुंग्या येतात. माझंही दूध हळूहळू आलं. भीती गेली तसं आलं.

तुझं पत्र मी वरचीला वाचून दाखवलं होतं. ती म्हणाली, तिला तेव्हाच कळलं होतं की मी शब्दात चुकलेय. मग तसं सांगितलं का नाहीस विचारलं, तर म्हणाली की समजावत बसण्यापेक्षा पाजणं सोपं होतं.

ताई, ती गेली. गवंड्याचं इथलं काम संपलं, दुसरीकडे कुठेतरी लागलं. मी बारकीला सुईला घेऊन गेले होते, परत आले तर वर कुलूप. पत्ता कुणालाच ठाऊक नाही. माझ्या दोरीवर तिच्या पोराची दुपटी वाळत घातलेली होती, बारकीसाठी. इतकी घट्ट पिळलेली की खाली एक थेंब नव्हता.

आमचं भांडण तेवढं राहिलं. आता माझे कपडे कोरडेच राहतात आणि मी उगाच वर बघते. बारकीही बघते.

तुमच्या बाजूला नवी बांधकामं निघालीत म्हणतेस. जाता येता कुणाच्या दोरीवरून अंगावर पाणी पडलं तर चिडू नकोस. तिथेच खाली उभी राहा आणि वर हाक मार. सांग, ठमी भांडायला बोलावतेय.

तुझ्या लोभावर मोठी झालेली,
ठमी