जात्यातून उतरलेली मुलगी

मेहरूण, जळगाव
२१ जानेवारी २०२५

प्रिय दिपमाला,

सप्रेम सलाम. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर तू काठीशिवाय अंगणापर्यंत जाऊन आलीस, असं तुझ्या भूषणने कळवलं. बरं वाटलं. इकडे थंडी आहे. बोरं आली आहेत, पुस्तकासोबत थोडी पाठवते.

परवा फोनवर तू विचारलंस, नातीला वाचायला काय देऊ. सोबत पाठवतेय ते हेच पुस्तक दे. जुनी कादंबरी आहे. एक मुलगी दाण्यांबरोबर जात्याच्या तोंडातून खाली उतरते. खाली पिठाचा देश, आणि एक खोटारडा म्हातारा उंट. अंधाराला भिणाऱ्या, तरी ‘मग काय झालं’ विचारत राहणाऱ्या मुलीला आवडेल. वर ‘आठ ते बारा वर्षे’ छापलंय, तिकडे बघू नकोस. आमच्या घरी ते आमच्या ह्यांना, हसीबना आवडलं.

अर्धांगाचा झटका आल्यापासून त्यांचं बोलणं बंद होतं, तुला माहीतच आहे. पेपर वाचायला घेतला की भिंतीकडे तोंड करायचे. म्हणून हे काढलं. पहिल्याच पानाला, आपल्या पिठाच्या गिरणीवर गिऱ्हाइकांशी बोलायचे त्या अहिराणीत म्हणाले, “जातामा गयी ते पीठच व्हई ना.” मी हसले, आणि मग रडलेही.

पुढे त्या मुलीला वर यायचं तर स्वतःचं नाव तिथेच ठेवून यावं लागतं. तिथे त्यांनी माझं मनगट धरलं. “देऊ नको.”

“नाही देत,” मी म्हटलं.

संपलं, तेव्हा बोटाने खूण केली, पुन्हा पहिल्यापासून.

दिपा, परवा तू विचारलंस, हसीबभाऊ कसे आहेत. मी म्हटलं, झोपलेत. ते खरं नव्हतं. हसीब डिसेंबरात गेले. तू तेव्हा दवाखान्यात होतीस. भूषण मातीला येऊन गेला. तुला सांगायचं नाही अशी शपथ मीच त्याला घातली, त्याच्यावर रागावू नकोस.

दुपार होती. मी उंटाचं प्रकरण वाचत होते. त्यांचा हात माझ्या हातात होता, तो जड झाला. मला कळलं. तरी मी थांबले नाही, प्रकरण संपेपर्यंत मोठ्याने वाचत राहिले. थांबले असते तर घरात कुणाचाच आवाज उरला नसता.

हे मुलांनाही सांगितलेलं नाही.

बसमध्ये चढता येऊ लागलं की ये. मी स्टँडवर येईन.

तुझीच,
हुमा